मुंबईची ट्रॉलीबस (१९६२–१९७१)

मुंबईच्या नागरी वाहतुकीचा इतिहास बहुधा ट्राम आणि मोटारबस या दोन वाहनांच्या द्वारे सांगितला जातो. या दोहोंच्या मधले तिसरे वाहन, म्हणजे ट्रॉलीबस, त्यात एखाद्या ओळीपुरतेच येते. गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर ११ जून १९६२ रोजी ही सेवा सुरू झाली व २४ मार्च १९७१ रोजी बंद पडली. जेमतेम पावणेनऊ वर्षांचे हे आयुष्य अल्प खरे. तथापि वाहन अपयशी ठरले की त्याला लागणारी व्यवस्थाच अपुरी राहिली, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

वरवर पाहता विजेवरील वाहनास मुंबईइतके अनुकूल शहर हिंदुस्थानात क्वचितच असेल. येथे ९ मे १८७४ रोजी घोड्यांची आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. वीजपुरवठा व ट्राम ही दोन्ही कामे एकाच कंपनीकडे होती. १९०५ साली वाडीबंदर येथे तिचे वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. पुढे सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण होणारी टाटांची वीज शहरास मिळू लागली. १५ जुलै १९२६ पासून मोटारबसही सुरू झाल्या. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा व्यवहार महापालिकेच्या हाती आला. सारांश, वीज पुरविणारा आणि उतारूंची ने-आण करणारा उपक्रम एकच होता.

असे असूनही ट्रामची सामग्री ट्रॉलीबसला जशीच्या तशी उपयोगी पडणारी नव्हती. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरे होते. वीज परत जाण्याची वाट लोखंडी रुळांतून मिळते. ट्रॉलीबसची चाके रबरी असल्यामुळे ही वाट बंद होते. म्हणून तिला दोन तारा व टपावर दोन दांडे लागतात. रूळ नसल्याने रस्त्यातील अडथळा चुकवून काही हात बाजूला सरकणे तिला शक्य असते. परंतु तार सोडून दुसऱ्या रस्त्यास वळणे शक्य नसते. दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी थांबते. अर्थात तारांचा खर्च आधी करावा लागतो आणि तो अनेक मार्गांवर व अनेक गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. मुंबईत हा भार एकाच मार्गावर राहिला.

काळही प्रतिकूल होता. लंडनमध्ये १९३१ साली सुरू झालेले ट्रॉलीबसचे जाळे एके काळी जगातील सर्वांत मोठे गणले जाई. त्यात अठराशेंहून अधिक गाड्या होत्या. त्यांच्या जागी डिझेलच्या बसगाड्या आणण्याचा निर्णय तेथे १९५४ साली झाला आणि ८ मे १९६२ रोजी अखेरची ट्रॉलीबस धावली. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत मुंबईने हे वाहन स्वीकारले. ट्रामही येथून निरोप घेत होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. त्यानंतर रस्त्यावर विजेचे वाहन ट्रॉलीबस हे एकटेच उरले.

परंतु यावरून हे वाहनच कालबाह्य होते असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मॉस्कोत १९३३ साली सुरू झालेली ट्रॉलीबस विस्तृत जाळ्याच्या आधारावर २०२० पर्यंत टिकली. जेथे तारांचे जाळे विणले गेले तेथे हे वाहन पिढ्यान्‌पिढ्या चालले. जेथे एकच धागा राहिला तेथे तो तुटला.

मुंबईत २०२३ पासून विजेवरील दुमजली बसगाड्या धावू लागल्या आहेत. तारांची जागा आता बॅटरीने घेतली असली तरी प्रत्येक आगारात विद्युत्‌भारणाची सोय लागतेच. वाहन बदलले, व्यवस्थेचा प्रश्न मात्र तोच राहिला. ट्रॉलीबसचा इतिहास हा एका फसलेल्या यंत्राचा नसून अर्ध्यावर थांबलेल्या योजनेचा इतिहास होय.