आज्ञा, आवृत्ती आणि दोषशोधन : 'माइनक्राफ्ट' या खेळातील आज्ञाभाषेचा इतिहास (२०१२–२०२४)

प्रस्तावना :

मोडीतील जुना कागद हाती आला की अभ्यासक मजकुराच्या आधी त्याचा काळ पाहतो. अक्षरवळण, मायने, कालगणना यांवरून कागद कोणत्या काळातील हे निश्चित झाल्याशिवाय त्यातील शब्दांचा अर्थ लावणे धोक्याचे असते. ठोकळ्यांनी जग रचावयाच्या 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळाच्या संदर्भात हेच तत्त्व लागू पडते, असे म्हटल्यास प्रथमदर्शनी अतिशयोक्ती वाटेल. तथापि या खेळात एक आज्ञाभाषा आहे. तिने अवघ्या एका तपात अनेकदा रूप पालटले असून तिच्यात लिहिलेला फार मोठा मजकूर आज चालेनासा झाला आहे. न चालणाऱ्या आज्ञेचा दोष शोधणे हे काम सामान्यतः तांत्रिक मानले जाते. ते बहुतांशी कालनिश्चितीचे काम आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. येथील विवेचन मुख्यतः संगणकावरील 'जावा' आवृत्तीपुरते मर्यादित आहे.

आज्ञाठोकळ्याचा उदय :

मार्कस पर्सन या स्वीडिश संगणकतज्ज्ञाने २००९ च्या मे महिन्यात हा खेळ प्रथम लोकांसमोर ठेवला. त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळाची निर्माती कंपनी 'मोजांग' अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेतली. आरंभी आज्ञा म्हणजे खेळाच्या संवादचौकटीत तिरकी रेघ देऊन टंकलेली एक ओळ होती. खेळाडूला एखादी वस्तू द्यावयाची, वेळ बदलावयाची, इतकाच तिचा आवाका असे. २५ ऑक्टोबर २०१२ च्या १.४.२ या आवृत्तीत 'कमांड ब्लॉक' म्हणजे आज्ञाठोकळा आला आणि ही स्थिती पालटली. आता आज्ञा जगातच एका जागी ठेवता येऊ लागली. 'रेडस्टोन' या खेळातील विजेसारख्या पदार्थाचा प्रवाह मिळाला की ठोकळा आपली आज्ञा पार पाडी. बोललेली आज्ञा विरून जाते, ठेवलेली आज्ञा मागे उरते. म्हणूनच या ठोकळ्यापासून येथे दस्तऐवजाचा आरंभ मानला आहे.

मार्च २०१३ च्या १.५ आवृत्तीत गुणफलकाची आज्ञा आली आणि संख्या साठविण्याची सोय झाली. सप्टेंबर २०१४ च्या १.८ मध्ये 'एक्झिक्यूट' ही आज्ञा आली. तिच्या योगे एक आज्ञा दुसऱ्या कोणाच्या वतीने आणि त्याच्या जागेवरून बजाविता येऊ लागली. साठवण आणि अट या दोन्ही गोष्टी हाती आल्यावर हौशी खेळाडूंनी या भाषेतून खेळांतर्गत खेळच रचावयास घेतले.

या काळातील सर्वांत विलक्षण निर्मिती म्हणजे 'एका आज्ञेतील यंत्र'. खाली कोसळणाऱ्या वाळूच्या रूपात आज्ञाठोकळे एकमेकांवर रचून, ती संपूर्ण उतरंड एकाच प्रदीर्घ आज्ञेत गुंफली जाई. वाचकाने ती ओळ उतरवून आपल्या आज्ञाठोकळ्यात टाकली की क्षणार्धात अख्खे यंत्र उभे राही. त्यात एखादा महिरपी कंस कमी पडला तर तो शोधणे हे तासन्‌तासाचे काम होते. संस्कृत समासाचा विग्रह करावा तसा कंसाला कंस जुळवीत आतून बाहेर यावे लागे. त्या काळच्या खेळाकडून मिळणारी मदत त्रोटक असे. बहुधा आज्ञेचा सर्वसाधारण साचा समोर येई. चूक नेमकी कोठे आहे हे कळतेच असे नाही.

अशा यंत्रांचा काळ अल्प ठरला. २९ फेब्रुवारी २०१६ च्या १.९ आवृत्तीत साखळी आणि पुनरावृत्ती असे दोन नवे आज्ञाठोकळे आले आणि क्रमाने वा सतत आज्ञा चालविण्यासाठी लागणारी रेडस्टोनची घड्याळे अनावश्यक झाली. त्याच आवृत्तीत उतरंडीचे व्याकरण उलटे झाले. पूर्वी वर बसलेली वस्तू आपल्या वाहनाचा उल्लेख करी, आता वाहन आपल्या प्रवाशांची नोंद ठेवू लागले. नोव्हेंबर २०१६ च्या १.११ मध्ये प्राण्यांची व वस्तूंची नावे बदलली. 'फॉलिंग सँड' ही कोसळणारी वाळू 'फॉलिंग ब्लॉक' झाली. वस्तुतः कोणताही ठोकळा कोसळू शकत असताना त्याला वाळू म्हणणे हा आधीच्या काळाचा अवशेष होता. तो पुसला गेला हे तर्कशुद्धच झाले. परंतु त्या नावावर उभी असलेली यंत्रे नव्या आवृत्तीत उभी राहीनात.

१८ जुलै २०१८ : भाषेचा खंड :

आज्ञाभाषेच्या इतिहासात १.१३ या आवृत्तीइतका मोठा खंड दुसरा नाही. तिच्यासाठी आज्ञा वाचणारी यंत्रणा नव्याने लिहिण्यात आली. 'ब्रिगेडियर' नावाची ही यंत्रणा पुढे मोजांगने सर्वांना वापरासाठी खुली केली. आता टंकतानाच चुकीचा भाग लाल दिसू लागला आणि 'चूक येथे आहे' असा बाण नेमक्या जागी उमटू लागला. दोषशोधनाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, हे मान्य केले पाहिजे.

याच वेळी नावांचेही 'सपाटीकरण' झाले. लाल लोकरीचा ठोकळा हे त्याचे सोपे उदाहरण होय. आरंभीच्या काळात लोकरीचा क्रमांक ३५ होता आणि लाल रंगाचा उपक्रमांक १४. त्यामुळे खेळाडूचे नाव, ३५, नगसंख्या आणि १४ अशी आज्ञा लिहिली जाई. १.७ पासून ३५ च्या जागी 'वूल' हे नाव आले, पण १४ तसाच राहिला. १.१३ मध्ये तोही गेला आणि 'रेड वूल' हे एकच नाव उरले. एखाद्या आज्ञेत ३५ दिसले तर ती पहिल्या काळातील, 'वूल' व १४ दिसले तर मधल्या, आणि 'रेड वूल' दिसले तर २०१८ नंतरची, असे निदान केवळ पाहून करता येते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा योजल्या, त्याची येथे आठवण होते. मात्र दरबारातील माणसे जुना शब्दही समजून घेत असत. यंत्र तसे घेत नाही.

तथापि खरी अडचण निराळी आहे. संज्ञा चुकली तर यंत्र तसे सांगते. 'एक्झिक्यूट'च्या बाबतीत मात्र आज्ञा निर्दोष दिसते, ती चालते आणि तरीही फळ चुकीचे मिळते. जुन्या रूपात कर्ता आणि स्थान या दोन्ही गोष्टी एकदमच बदलत. प्रत्येक मेंढीवर वीज पाडावयाची असल्यास मेंढी हे लक्ष्य सांगून, सापेक्ष स्थानाची तीन नागमोडी चिन्हे देऊन वीज बोलाविली की पुरे होई. नव्या रूपात 'अ‍ॅज' या शब्दाने केवळ कर्ता बदलतो, स्थान बदलण्यासाठी 'अ‍ॅट' हा वेगळा शब्द लागतो. जुन्या सवयीने ज्याने फक्त 'अ‍ॅज' लिहिले त्याच्या जगात दहा मेंढ्या असल्यास विजा दहाच पडतात, परंतु सगळ्या आज्ञाठोकळ्याच्याच जागी. लाल अक्षर नाही, बाण नाही. यंत्राच्या मते आज्ञा यथासांग पार पडलेली असते. 'कोणाच्या वतीने' आणि 'कोठून' हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, हे जुन्या व्याकरणाने झाकून ठेवले होते. नव्याने ते उघड केले, पण त्याची किंमत जुन्या लेखकांना मोजावी लागली. माझ्या मते हा बदल योग्यच होता. तो ज्या रीतीने अमलात आला त्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

कारण १.१३ मध्ये जुने जग उघडले असता त्यातील घरे, रस्ते, पेट्यांतील वस्तू यांचे रूपांतर खेळ आपोआप करी. लाल लोकर लालच राही. आज्ञाठोकळ्यांतील मजकुराचे मात्र रूपांतर होत नसे. वास्तू टिकली आणि तिला चालविणारे लेख निरर्थक झाले.

ग्रंथिकेची सोय :

७ जून २०१७ च्या १.१२ आवृत्तीपासून आज्ञा जगाबाहेरील साध्या मजकुराच्या संचिकेत, म्हणजे 'फंक्शन'मध्ये, लिहिता येऊ लागल्या. १.१३ मध्ये अशा संचिकांचे 'डेटा पॅक' नावाचे संच आले. अशा संचात एक लहानशी नोंद असते आणि तीत संचाच्या स्वरूपाचा क्रमांक द्यावा लागतो. १.१३ साठी तो ४ होता, तर जून २०२४ च्या १.२१ साठी ४८. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनकाल नोंदविणाऱ्या पुष्पिकेचेच हे काम होय. आज्ञाठोकळ्याने आपला काळ कधीच सांगितला नव्हता. डेटा पॅक तो स्वतःहून सांगतो.

दोषशोधनाची रीतही यामुळे बदलली. संचिकेतील एक ओळ सदोष असली तरी संपूर्ण संचिकाच नाकारली जाते आणि त्याचे कारण खेळाच्या पडद्यावर नव्हे, तर कामकाजाच्या नोंदवहीत सापडते. जो ती उघडत नाही त्याला आपले 'फंक्शन' अस्तित्वातच नाही असे वाटते. १.२१ मध्ये तर 'फंक्शन्स' या अनेकवचनी कप्प्याचे नाव 'फंक्शन' असे एकवचनी झाले. एका अक्षराच्या फरकाने आतील एकाही संचिकेचे वाचन होत नसे. त्याआधी एप्रिल २०२४ च्या १.२०.५ मध्ये वस्तूंच्या वर्णनाची महिरपी कंसातील पद्धत जाऊन चौकोनी कंसातील घटकांची पद्धत आली होती.

जतनाचा प्रश्न :

या साऱ्या बदलांत 'जावा' आवृत्तीच्या वापरकर्त्याला एक मोठा आधार आहे. खेळ सुरू करणाऱ्या अधिकृत साधनातूनच जुन्या आवृत्त्या निवडता येतात. २०१५ मधील एखादे यंत्र १.८ मध्ये उघडून, ते मुळात काय करीत होते हे पाहून मग त्याचे नवे भाषांतर करता येते. मूळ पाहिल्याविना केलेली दुरुस्ती ही अंदाजाची असते. मेंढ्यांच्या उदाहरणात विजा कोठे पडणे अपेक्षित होते हे आज्ञेच्या मजकुरावरून निःसंदिग्धपणे कळेलच असे नाही, ती चालताना पाहावी लागते.

भ्रमणध्वनी आणि अन्य यंत्रांवर चालणाऱ्या 'बेडरॉक' आवृत्तीची गोष्ट वेगळी आहे. 'एक्झिक्यूट'चे नवे रूप तेथे चार वर्षे उशिरा, २०२२ अखेरच्या १.१९.५० मध्ये आले. 'जावा'तून २०१८ मध्ये काढून टाकलेली 'टेस्टफॉर' ही तपासणीची आज्ञा तेथे त्यानंतरही राहिली. त्यामुळे केवळ 'टेस्टफॉर' शब्द पाहून आज्ञा जुनी ठरविणेही चुकीचे होईल. ती दुसऱ्या शाखेतील असू शकते. शिवाय या शाखेत मागील आवृत्तीकडे परतण्याची तशी अधिकृत वाट नाही. २०२२ पूर्वी तेथे रचलेले एखादे आज्ञायंत्र आज बिघडलेले आढळले, तर ते बिघडण्यापूर्वी काय करीत होते हे जाणून घेण्यासाठी त्याच्या कर्त्याची आठवण आणि एखादे जुने चित्रमुद्रण यांवाचून दुसरे साधन बहुधा उरत नाही.