मगनवाडीतले पाचारण

ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ हा शब्द बहुधा पाळक, धर्मगुरू वा धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्यांसाठी योजला जातो. वर्ध्यात मात्र एका ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाला आपले पाचारण तेलाच्या घाणीजवळ गवसले. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव.

१८९२ मध्ये तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म, लंडनमध्ये हिशेब तपासनिसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय, पुढे न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तेथे सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे एक मूळ ब्रिटिशांच्या राजस्व धोरणात आहे, अशी त्यांची खात्री पटली. तो प्रबंध घेऊन ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीस गेले. झाडाखाली एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते; हेच गांधीजी, हे त्यांना आधी उमगलेही नाही. ओळख पटताच कुमारप्पा आपल्या विलायती पोशाखानिशी शेणाने सारवलेल्या भुईवर बसले.

येथपर्यंतची कथा अनेक गांधीवाद्यांच्या आयुष्याशी जुळते. कुमारप्पांची कसोटी निराळी होती.

१९३० मध्ये कायदेभंग सुरू झाला, तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चचे प्रमुख, बिशप फॉस वेस्टकॉट यांनी ही चळवळ ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत ठरवली. सरकारचा रोष सोसणारे पुष्कळ होते. आपल्याच धर्मपीठासमोर उभे राहणे अधिक अवघड. कुमारप्पांनी बिशपांना पत्र लिहून येशूच्याच शिकवणीच्या आधारे सत्याग्रहाचे समर्थन केले. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, उलट तिच्याच बळावर वाद घातला. पुढे ‘यंग इंडिया’तील लेखनासाठी त्यांना तुरुंगही घडला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. सुधारलेली घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशापालन. कोलंबियाच्या पदवीधराने यात काय पाहावे, असा प्रश्न तेव्हाही पडत असणार.

उत्तर १९४२ नंतरच्या तुरुंगवासात लिहून झाले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचरणाविषयी आणि उपदेशाविषयी, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेविषयी. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात अर्थव्यवहाराच्या पायऱ्या आहेत: भक्ष्य मारून खाणारा वाघ खालच्या पायरीवर, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी वरच्या, आणि सर्वांत वर, परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण. अर्थशास्त्राच्या ग्रंथात ही सेवा सर्वोच्च का, हे कळण्यासाठी पहिले पुस्तक शेजारी ठेवावे लागते.

वर्ध्याला येणारे प्रवासी सेवाग्राम आणि पवनार पाहून परततात. मगनवाडी मात्र शहरातच आहे. १९३८ मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय तेथे आजही उभे आहे. स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांनी याच जिल्ह्यातील सेलडोह येथे शेतीवर आधारलेला आश्रम उभारला. अखेरची वर्षे त्यांनी तमिळनाडूत काढली. त्यांचे निधन ३० जानेवारी १९६० रोजी झाले.