छत्तीसगढी डेस्कटॉपची वाटचाल

छत्तीसगढ राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आलं आणि रायपूर राजधानी झालं. छत्तीसगढीला राजभाषा करणारं विधेयक मात्र 28 नोव्हेंबर 2007 रोजी मंजूर झालं. त्याच सुमारास या भाषेत संगणकाचा डेस्कटॉप आकाराला येत होता. हे काम कुठल्या खात्याचं नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. वीज मंडळातली नोकरी सोडून लिनक्सच्या भाषांतराला वाहून घेतलेले रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे हिंदी वाचकांचे रवि रतलामी, यांनी आधी हिंदीचं आणि मग छत्तीसगढीचं काम हाती घेतलं. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपचे मेनू, सूचना, संदेश छत्तीसगढीत आले. विंडोजमध्ये ही भाषा आजही नाही.

छत्तीसगढी डेस्कटॉपमागे इतरांचे कष्टही होते. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली आपल्याकडे पसरली ती 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमुळे. फोनच्या तारेवरून एवढं उतरवून घेणं तेव्हा अशक्यच होतं. या मोहिमेत 1996 पासून पुढे असलेले अतुल चिटणीस बेळगावात शिकलेले. 2000 साली मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी भारतीय भाषांत लिनक्स आणण्यासाठी 'इंडलिनक्स' सुरू केलं. 2004 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीनं 'लोहित' फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. जोडाक्षरं नीट दिसणारा मुक्त फॉन्ट मिळाल्याशिवाय भाषांतराला काही अर्थ नव्हता.

एवढं होऊनही लिनक्स लोकांच्या टेबलावर का रुळलं नाही?

हिंदी पट्ट्यातल्या कचेऱ्यांत टायपिंग म्हणजे कृतिदेव. हा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतो. हिंदीत 'रायपुर' लिहिलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा: जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे अशी रांग दिसेल. जुन्या फायली आणि टायपिस्टच्या बोटांची सवय, दोन्ही त्यातच अडकलेलं. लिनक्सवरची देवनागरी प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची, म्हणजे सगळं नव्यानं शिकणं आलं. महाराष्ट्रातही जुन्या फॉन्टांनी हेच केलं. सी-डॅक या सरकारी संस्थेनं 2007 मध्ये सरकारी वापरासाठी 'बॉस' लिनक्स आणलं, तरी ही गाठ सुटली नाही.

व्यापाऱ्याची अडचण वेगळी होती. हिशेब टॅलीवर आणि टॅली विंडोजवर. त्यातून संगणक विकणारा विंडोजची चोरटी प्रत फुकटात बसवून द्यायचा, त्यामुळे लिनक्स फुकट मिळतं याचं गिऱ्हाइकाला अप्रूपच वाटलं नाही. माझ्या मते लिनक्सला सर्वांत जास्त मागे खेचलं ते या चोरट्या प्रतींनी. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरच्या डेस्कटॉपमधला लिनक्सचा वाटा 4 टक्क्यांवर जायला फेब्रुवारी 2024 उजाडला.

मराठीला छत्तीसगढीपेक्षा कितीतरी अधिक माणसं आणि साधनं लाभली आहेत. तरीही केडीई आणि ग्नोम या दोन्ही डेस्कटॉपचं मराठी भाषांतर आजही अपुरं आहे. ते पूर्ण करण्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मराठी नीट यावी आणि रोज थोडी वाक्यं नेटानं करण्याची तयारी असावी. ती ज्यांच्याकडे आहे, त्यांनी या कामात उतरावं.