फाउंडेशन (सौंदर्यप्रसाधन)

फाउंडेशन हे चेहऱ्याच्या त्वचेचा रंग एकसारखा दिसावा आणि डाग, वांग, मुरमांचे व्रण किंवा लाली झाकली जावी यासाठी लावले जाणारे रंगीत सौंदर्यप्रसाधन होय. ते द्रव, मलई, कांडी व पावडर अशा रूपांत मिळते. रंगभूषेचा पाया म्हणून त्यास फाउंडेशन हे नाव मिळाले. प्रत्यक्षात मात्र त्याच्याखाली मॉइश्चरायझर, सनस्क्रीन यांसारख्या त्वचानिगेच्या प्रसाधनांचे थर असतात. फाउंडेशन किती एकसारखे बसते, किती वेळ टिकते आणि त्वचेस त्याचा त्रास होतो की नाही, हे बऱ्याच अंशी या खालच्या थरांवर अवलंबून असते.

== इतिहास ==
चेहऱ्यास लेप लावून वर्ण उजळ दाखवण्याची प्रथा प्राचीन आहे. युरोपात दीर्घकाळ शिशापासून बनवलेला पांढरा सफेदा वापरला जाई. शिसे विषारी असल्याने हा लेप आरोग्यास घातक होता. भारतातील लोकनाट्यांच्या रंगभूषेत वापरले जाणारे मुर्दाडशिंग हेही शिशाचेच ऑक्साइड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत रंगभूमीसाठी तेलकट रंगकांड्या तयार होऊ लागल्या. लुडविग लाइश्नर या गायक-नटाने त्यांचे व्यापारी उत्पादन केले. १९१४ मध्ये मॅक्स फॅक्टर यांनी चित्रपटांसाठी पातळ व लवचीक लेप तयार केला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत चित्रपटांसाठी बनवलेले त्यांचे 'पॅन-केक' पुढे सर्वसामान्य स्त्रियांच्या वापरात आले.

निगा आणि रंगभूषा यांची जोडी जमली ती व्हॅनिशिंग क्रीममुळे. स्टिअरिक आम्लापासून बनवलेले हे क्रीम त्वचेवर पांढरे न दिसता जिरल्यासारखे होई आणि वरची पावडर धरून ठेवी. मुंबईत इ. एस. पाटणवाला यांनी तयार केलेले 'अफगाण स्नो' हे याच प्रकारचे प्रसाधन होते. मराठीतील 'स्नो-पावडर' हा जोडशब्द त्या काळाची आठवण आहे. १९५२ मध्ये टाटा समूहाने 'लॅक्मे'ची स्थापना केली.

== घटक ==
फाउंडेशनचा रंग टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य आणि लोहाची तांबडी, पिवळी व काळी ऑक्साइडे यांच्या मिश्रणातून मिळतो. ही रंगद्रव्ये पाणी, तेल किंवा सिलिकोन यांच्या मिश्रणात विखुरलेली असतात. पांढऱ्या रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असलेली छटा सावळ्या त्वचेवर राखट दिसते. त्यामुळे छटा हातावर न पाहता जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहिली जाते. सावळ्या व गडद वर्णांसाठी छटा अनेक वर्षे मोजक्याच होत्या. २०१७ मध्ये 'फेंटी ब्यूटी'ने एकाच वेळी ४० छटा आणल्यानंतर इतर उत्पादकांनीही आपली श्रेणी वाढवली.

== त्वचानिगेसह वापर ==
सकाळचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :
# सौम्य क्लेन्झरने चेहरा धुणे
# सीरम (वापरत असल्यास)
# मॉइश्चरायझर
# सनस्क्रीन
# प्रायमर (ऐच्छिक)
# फाउंडेशन

पातळ प्रसाधन आधी व दाट नंतर, हे या क्रमामागील सामान्य तत्त्व आहे. फाउंडेशन शेवटी येते, कारण त्याने त्वचेच्या पृष्ठभागावर राहणे अपेक्षित असते. तेलकट त्वचेस हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर सोयीचे ठरते. कोरड्या त्वचेवर ते न लावल्यास फाउंडेशन पापुद्र्यांच्या कडांना चिकटून कोरडेपणा अधिकच उठून दिसतो. रेटिनॉइड वर्गातील औषधांमुळे त्वचा सोलवटत असल्यासही असेच घडते. ही औषधे सामान्यतः रात्री लावली जातात.

=== वळ्या निघणे ===
थरावर थर चोळताना प्रसाधनाच्या बारीक वळ्या निघतात. त्या बहुधा मृत त्वचेच्या नसून सिलिकोन आणि दाटपणा आणणारी बहुवारिके यांच्या सुटलेल्या पापुद्र्याच्या असतात. प्रसाधन अधिक प्रमाणात लावणे, खालचा थर वाळण्यापूर्वी वरचा लावणे किंवा सिलिकोनयुक्त थरावर पाण्याचे प्रमाण जास्त असलेले फाउंडेशन पसरवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. थर कमी करणे, दोन थरांमध्ये काही मिनिटे थांबणे आणि फाउंडेशन न चोळता ओल्या स्पंजने टिपत लावणे हे उपाय उपयोगी पडतात.

== सूर्यकिरणांपासून संरक्षण ==
अनेक फाउंडेशनांवर एसपीएफचा आकडा छापलेला असतो. हा आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम प्रसाधन लावून ठरवला जातो. एवढा जाड थर फाउंडेशनचा कोणी देत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष संरक्षण छापील आकड्यापेक्षा बरेच कमी मिळते. शिवाय १५ एसपीएफच्या क्रीमवर १५ एसपीएफचे फाउंडेशन लावल्याने ३० एसपीएफ मिळत नाही. म्हणून फाउंडेशन हे सनस्क्रीनला पर्याय मानले जात नाही. चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेषा भरतील इतके सनस्क्रीन घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. उन्हात असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

फाउंडेशनचा एक संरक्षक गुण मात्र उल्लेखनीय आहे. त्यातील लोहाची ऑक्साइडे दृश्य प्रकाशाचा काही भाग अडवतात. दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवरील वांग गडद होऊ शकते, आणि रंगविरहित सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यामुळे वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन सुचवले जाते.

== त्वचेवरील दुष्परिणाम ==
प्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या मुरमांना क्लिगमन व मिल्स यांनी १९७२ मध्ये 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असे नाव दिले. हे मुरूम सावकाश, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उमटतात. त्यामुळे त्यांचा संबंध प्रसाधनाशी चटकन जोडला जात नाही. मुरूम झाकण्यासाठी अधिक जाड थर लावला जातो आणि त्याने मुरूम आणखी वाढतात, असे दुष्टचक्र सुरू होऊ शकते. 'नॉन-कॉमेडोजेनिक' असा उल्लेख असलेली प्रसाधने निवडणे सोयीचे असले, तरी या उल्लेखासाठी सर्वत्र मान्य अशी एकच चाचणी नाही. सुगंधी द्रव्ये व परिरक्षके यांची काहींना अ‍ॅलर्जी होते. नवे प्रसाधन आधी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहणे इष्ट असते. फाउंडेशन झोपण्यापूर्वी पूर्णपणे काढावे, तसेच स्पंज व ब्रश नियमित धुवावेत.

== भारतातील नियमन ==
भारतात सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई असून पाऱ्याच्या वापरावरही कडक मर्यादा आहेत. महाराष्ट्रात उत्पादन-परवाने अन्न व औषध प्रशासन देते. वेष्टनावर घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व वापराची मुदत नसलेली प्रसाधने, विशेषतः गोरेपणाचा दावा करणारी सुटी क्रीमे, धोक्याची ठरू शकतात. अशा क्रीममध्ये पारा असल्यास त्याने मूत्रपिंडास इजा होऊ शकते, आणि वरून फाउंडेशन लावल्याने तो धोका टळत नाही.

== हे सुद्धा पहा ==
* रंगभूषा
* त्वचा
* अतिनील किरण
* मुरूम