बहात्तरला पाणी होतं, पण कोणाला?

"बहात्तरला धान्य नव्हतं, पण पाणी होतं. आता धान्य आहे, पण पाणी नाही." मराठवाड्यात दुष्काळाची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास ऐकू येते. २०१२-१३ च्या दुष्काळात ते पुढाऱ्यांच्या भाषणांत होते, वर्तमानपत्रांत होते, पारावर होते. आम्हीही काही काळ ते खरे मानले. मग एका वस्तीत पाण्याची पाहणी करताना एका म्हाताऱ्या आजीला हेच वाक्य आम्ही ऐकवले. ती म्हणाली, "पाणी होतं रे बाबा, हिरीत होतं. घागरीत कुठं होतं?"

या एका उत्तराने दुष्काळाचा इतिहास पुन्हा तपासायला लावला.

आधी वाक्यातला खरा भाग मान्य करू. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. हा खडक पाणी धरत नाही. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. जुन्या आडाला, विहिरीला याच वरच्या थराचे पाणी लागायचे. उपसा मोटेचा, फार तर तेलावरच्या इंजिनाचा. त्यामुळे सलग तीन वर्षे पाऊस रुसला तरी अनेक विहिरींच्या तळाशी थोडे पाणी टिकून राहिले. आज बोअरवेल शेकडो फूट खाली जाऊन त्या भेगा मोकळ्या करते आणि वरची विहीर आपोआप कोरडी पडते. इथपर्यंत पर्यावरणवाद्यांशी आमचे भांडण नाही.

भांडण पुढे आहे. मे १९७२. ऐन दुष्काळात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांना विवस्त्र करून मारहाण झाली. त्याच काळात इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर गावाने बहिष्कार टाकला. याच संतापातून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरचा इतिहास आपण साहित्याच्या आणि चळवळीच्या अंगाने पुष्कळ लिहिला, पण तिच्या जन्माच्या मुळाशी एक विहीर आहे आणि ते दुष्काळाचे वर्ष आहे, हा धागा जोडून कुणी फारसे वाचत नाही. दुष्काळावर लिहिणारे ब्राह्मणगाव सोडून देतात आणि अत्याचारावर लिहिणारे पावसाचे आकडे.

कायदा नव्हता म्हणून हे घडले काय? मुळीच नाही. सार्वजनिक विहिरी, तळी अस्पृश्यांना खुली करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. नंतर त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तळ्यांचा नावानिशी उल्लेख आला. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. ब्राह्मणगाव त्यानंतर सतरा वर्षांनी घडले.

भरल्या वर्षातही महारवाड्यातल्या बायका विहिरीपासून लांब, घागरी मांडून बसत. कुणी सवर्ण बाई दया येऊन वरून पाणी ओतील तेव्हा घागर भरायची. याला 'पाणी वाढणे' म्हणत, जशी भिकाऱ्याला भाकर वाढावी. नदीवर उतार ठरलेला: वर गाव, खाली महार, त्याच्याही खाली मांग. आणि इथे आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट सांगितली पाहिजे. जिथे महारवाड्याचा स्वतःचा आड होता, तिथे मांगवाड्याच्या घागरीला तोच न्याय मिळत असे. बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' मोहिमेने १९७० च्या दशकात गावोगावी हे सगळे चव्हाट्यावर आणले. विहीर आटायला लागली की या उतरंडीचा सगळ्यात खालचा माणूस आधी तहानेला लागतो. तिथे पाऊस किती मिलिमीटर पडला हा प्रश्न नंतरचा.

मग हापसा आला. दुष्काळाने या यंत्राला मराठवाड्यातच घडवले. जालन्याच्या मिशनऱ्यांचा जालना पंप, त्यावरून सोलापूर पंप आणि पुढे देशभर पोचलेला इंडिया मार्क टू अशी त्याची वंशावळ आहे. आमच्या आयांच्या पिढीला हापशाने फार मोठी गोष्ट दिली: कुणाच्या दयेशिवाय पाणी. हे आम्ही कमी लेखत नाही. पण सरकारने बहुतेक ठिकाणी वस्तीला वेगळा हापसा दिला आणि गावाची विहीर होती तिथेच, होती तशीच राहिली. वेगळेपणाचा प्रश्न सुटला नाही, त्याला लोखंडी दांडा बसला.

शिवाय हापशाची खोली ठरलेली, शेजारच्या शेतातल्या बोअरची नाही. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, ही १८८२ च्या सुखाधिकार कायद्याची शिकवण अजून शेताशेतांत जिवंत आहे. महार वतने खालसा झाली, दादासाहेब गायकवाडांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तरी बहुतेक वस्ती भूमिहीनच राहिली. ज्याला जमीन नाही त्याला भूजलही नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला परवानगीची अट घातली. चांगली अट आहे. पण उसाला पाणी देणाऱ्या बोअरविरुद्ध तहसीलला अर्ज कोण करणार? ज्याच्या शेतात उद्या खुरपायला जायचे आहे, त्याच्याविरुद्ध?

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा सगळ्या देशाने ते दृश्य पाहिले. त्या उन्हाळ्यात टँकर आमच्या पाहणीतल्या वस्तीपर्यंतही यायचा. आधी गावातल्या विहिरीत पाणी सोडायचा, उरले तर वस्तीच्या टाकीत. आम्ही ड्रायव्हरला कारण विचारले. तो म्हणाला, रस्ताच तसा आहे, गाव आधी लागते.