पडद्यावरचा मांत्रिक आणि गावातला मांत्रिक



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु माणसाच्या भीतीलाही इतिहास असतो, आणि तो तपासल्यावाचून समाजाचे पुष्कळसे वर्तन उलगडत नाही. म्हणून 1990 ते 1999 या दहा वर्षांतील भयपटांत जादूटोण्याचे व अघोरी पंथांचे जे चित्र रंगविले गेले, त्याचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे. विषय कोणाला थिल्लर वाटेल. पण ज्या यवतमाळ जिल्ह्यात एका लहान मुलीचा नरबळी दिल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेथे तरी तो थिल्लर म्हणता येणार नाही.

प्रथम चित्रपट पाहू. रामसे बंधूंचा 'बंद दरवाजा' 1990 सालचा. ठाकुराच्या घरी मूल नाही, म्हणून त्याची पत्नी डोंगरातील एका पिशाचाला आणि त्याच्या उपासकांना शरण जाते. मूल होते, पण मुलगी झाली तर ती पिशाचाच्या हवाली करावयाची, असा तो करार. 1992 साली राम गोपाल वर्मा यांचा 'रात' आला. त्यात झपाटलेल्या तरुणीच्या सुटकेसाठी शेवटी मांत्रिकालाच पाचारण करावे लागते. ती भूमिका ओम पुरी यांची. 1993 सालच्या महेश कोठारे यांच्या मराठी 'झपाटलेला'त तात्या विंचू नावाचा गुंड मृत्युंजय मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. तो हसविणारा चित्रपट. पण मंत्र तेथेही चालतोच. त्याच सुमारास 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि जी भीती तिकीट काढून विकत घ्यावी लागे, ती घरबसल्या मिळू लागली.

या कथांचा एक अलिखित नियम आहे. त्यांत मंत्र म्हटला की तो लागू पडतो. 'हे सारे थोतांड आहे' असे म्हणणारा शिकलेला मनुष्य एक तर मरतो किंवा शेवटी हात जोडतो. दुष्ट मांत्रिकावर उतारा कोणता, तर सुष्ट मांत्रिक! भांडण दोन मांत्रिकांतच राहते. मंत्र मुळातच पोकळ आहे, ही शक्यता पडद्यावर येतच नाही. अपवादही सांगितला पाहिजे. तनुजा चंद्रा यांच्या 1999 सालच्या 'संघर्ष'मध्ये अमर होण्यासाठी मुलांचे बळी देणारा मनुष्य दाखविला आहे. पण तेथे त्याच्या मागावर सरकारी तपास खाते आहे. बळी देणारा हा गुन्हेगार आहे, एवढे तरी त्या चित्रपटाने स्पष्ट सांगितले.

हा रोग आपल्याच देशाचा, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत त्याच सुमारास सैतानाचे गुप्त पंथ मुलांचा छळ करतात, अशी आवई उठली होती. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेचे प्रकरण 1983 साली निघाले आणि 1990 पर्यंत चालले. मुलांना तेच तेच सूचक प्रश्न विचारून उत्तरे काढली गेली होती. दोष कोणावरच शाबीत झाला नाही. तरी एका आरोपीची पाच वर्षे तुरुंगात गेली. 1992 साली तेथील केंद्रीय तपास खात्याचे केनेथ लॅनिंग यांनी लिहिले की, नरबळी देणाऱ्या संघटित सैतानी पंथांचा पुरावा सापडत नाही. सुशिक्षित देशातही पडद्यावरील पंथ लोकांना खरा वाटला, तो असा.

आता आपल्याकडे वळू. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे 1972 पासून स्त्रियांचे आणि मुलींचे खून पडू लागले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी धाडण्यात आले. सरकार पक्षाने मांडलेले हेतू दोन : गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती. म्हणजे 'बंद दरवाजा'तील ठाकुराच्या घरचेच दुःख. फक्त येथे डोंगरात पिशाच नव्हते, माणसांचा लोभ होता. त्यावरून प्रेरणा घेऊन 1981 साली अमोल पालेकर यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर 'आक्रीत' काढला. त्यात भूत नाही. लोभ आणि निर्बलांची असहायता हाच त्याचा विषय. तो मार्ग पुढील दशकातील भयपटांनी धरला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

सिनेमाने जादूटोणा जन्माला घातला, असे आमचे म्हणणे नाही. करणी, मूठ, भानामती हे शब्द सिनेमाहून पुष्कळ जुने आहेत. परंतु शिक्षणाने जी श्रद्धा पातळ होत आली होती, तिला पडद्याने पुन्हा रंग दिला. याचा तोटा कोणाला, हे कामगारांत वावरणाऱ्यास लवकर कळते. खाणीत छप्पर कोसळते, आणि टेकू वेळेवर का लावले नाहीत हे विचारण्याऐवजी वस्तीत कुजबुज सुरू होते की, अमकीची नजर लागली. जबाबदार माणूस सुटतो आणि एखाद्या म्हाताऱ्या विधवेच्या दारावर दगड पडतात. दवाखाना दूर, सावकार जवळ, आणि मांत्रिक तर हाकेच्या अंतरावर! अशा ठिकाणी मंत्र फुकाचा नसतो. कोंबडी, दक्षिणा आणि कर्ज मिळून त्याची किंमत मोजावी लागते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या विरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि दक्षता अधिकारीही नेमावयाचा आहे. तरीही ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यात, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मारणाऱ्यांच्या मनात जादू खरी होती. पडद्यावर ती जशी खरी असते, तशीच.

भयपट पाहू नयेत, असे सांगणारे आम्ही नव्हे. दिवसभर राबलेल्या माणसाला तीन तास घाबरण्याची मौज घेऊ द्यावी. मात्र घरी परतताना बरोबरच्या मुलाला एवढे सांगावे की, मंत्राने कोणी मरत नाही. आणि आपल्या आळीत एखाद्या बाईला चेटकीण म्हटले जाऊ लागले, तर त्याच दिवशी तिच्या दारात जाऊन बसावे, आणि पोलीस ठाण्यात कायद्याचे नाव घेऊन तक्रार लिहून द्यावी.