पाटणचा शिलालेख : अलंकृत संस्कृत व साधी मराठी

मध्ययुगीन पंडितांचें अलंकारप्रचुर लेखन कृत्रिम म्हणून बाजूस सारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्हीही तेंच सांगत आलों. परंतु निवृत्तीनंतर नागपुरास प्रतापनगरांतील घरीं जुने लेख पुन्हा वाचतां आमचें मत पालटलें.

दण्डीनें प्रसादादि दहा गुण वैदर्भ मार्गाचे प्राण मानिले. त्याच विदर्भाच्या राजकन्येची कथा त्रिविक्रमभट्टानें नलचम्पूंत सांगितली, ती मात्र सभंग श्लेषानें अशी भरली आहे कीं एकाच अक्षरपंक्तीचा पदच्छेद दोन प्रकारें करावा लागतो. याच त्रिविक्रमानें राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या शके ८३६ (इ. स. ९१५) मधील बगुम्रा ताम्रपटांची रचना केली. काव्य व राजशासन एकाच हातचें झालें.

चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ (इ. स. १२०७) चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रकाशांत आणिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाच्या दानाचा तो लेख होय. त्यांतील वंशावळींत शांडिल्यगोत्री त्रिविक्रम हा मूळपुरुष असून त्याचा पुत्र भोजाचा समकालीन सांगितला आहे. हा नलचम्पूकारच, असें पुष्कळ मानितात. परंतु भोजाचें राज्य अकराव्या शतकांतील. तेव्हां मधल्या पिढ्या गळल्या असें धरल्यावांचून हें ऐक्य आम्हांस मान्य करवत नाहीं.

महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. वंशप्रशंसा व आचार्यांचा गौरव संस्कृत पद्यांत आहे; मठास कोणी काय द्यावें हें सांगण्याची वेळ येतांच लेख मराठी गद्यांत उतरतो. बाजारांतील विक्रीवरील कर, ग्राहकांकडील पोफळें, घाण्याचें तेल : येथें उपमा नाहीं, श्लेष नाहीं. तेली व वाणी यांस समजलें नाहीं तर मठांतील दिवा विझेल, हें त्या पंडितास ठाऊक होतें.

हा योगायोग म्हणावा, तर दूरदेशींही तेंच दिसतें. इंग्लंडचा राजा अॅथेलस्टन याच्या इ. स. ९२८ ते ९३५ मधील कित्येक भूमिदानपत्रांचें लॅटिन दुर्मिळ व ग्रीकमूलक शब्दांनीं जड झालेलें आहे. मात्र जमिनीच्या चतुःसीमा तेथील लोकभाषेंत, ओढा, वाट, झाड अशा साध्या खुणांनीं दिल्या आहेत.

तात्पर्य, दानास प्रतिष्ठा यावी म्हणून अलंकार, आणि तें दान टिकावें म्हणून लोकभाषा, अशी ही जाणतेपणानें केलेली वांटणी होती. इतिहासकार प्रशस्ति वगळतो, साहित्यिक कराच्या ओळी वगळतो. दोघांच्याही हातीं अर्धाच लेख लागतो. आम्हींही विद्यार्थ्यांस अर्धाच सांगितला, ही चूक येथें कबूल करणें आम्हांस इष्ट वाटतें.